नौतपा, कूलर आणि भेगाळलेली माती



२५ मे जवळ आली की करोंदच्या आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षात माझे सासरे, म्हणजे नाना, आणि दुसऱ्या पक्षात मी एकटी. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढच्या नऊ दिवसांना आपल्या इकडे नौतपा म्हणतात, हे तुम्हाला शाळेतल्या मित्रमैत्रिणींकडून ठाऊक असेलच. नानांचा हिशेब सरळ आहे. नौतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला. नौतपात सर आली, म्हणजे नौतपा ‘गळला’, की समजायचं यंदा खैर नाही.

नाना १९६२ साली भेलमध्ये लागले. तेव्हा तिला सगळे ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ म्हणत. आज ते ८६ वर्षांचे आहेत. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की पुरावा मागायची खोड लागली आहे. सासऱ्यांकडे पुरावा मागणं बरं दिसत नाही, म्हणून २०१५ साली आमच्या धाकट्यानं एक तोडगा काढला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागे त्यानं दोन रकाने आखले, एक ‘आजोबा’ आणि एक ‘आई’. दरवर्षी ऑक्टोबरात निकाल लावायचा. कॅलेंडर बदललं तरी ते पान आम्ही जपून ठेवलं आहे.

सगळी वर्षं काही नोंदली गेली नाहीत, पण जी आहेत ती सांगते. २०१५ च्या मे महिन्यात देशात भयंकर लाट आली. आंध्र आणि तेलंगणात मिळून दोन हजारांहून अधिक माणसं उष्म्यानं गेली. नानांच्या नियमाप्रमाणे पाऊस दणकून व्हायला हवा होता. झाला सरासरीच्या ८६ टक्के. गुण मला. २०१६ चा मे महिना भोपाळात असा तापला की पारा ४६ च्या वर गेला, आणि त्या वर्षी पाऊसही ठीक झाला. गुण नानांना. २०२३ साली नौतपात दोन सरी पडल्या आणि ऑगस्ट कोरडा गेला. गुण नानांना. २०२४ ला नौतपा तापला, पाऊसही देशभर सरासरीच्या १०८ टक्के. पुन्हा नाना. मग आला २०२५. मोसमी वारे २४ मे रोजीच केरळात पोचले, १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे महिना नोंदला गेला, नौतपा कसला, गच्चीवर वाळत घातलेले पापड तीनदा उचलावे लागले. तरीही पाऊस १०८ टक्के झाला. नाना म्हणाले, “हे वर्ष मोजायचं नाही.” मी म्हटलं, “नाना, मोजायचं.” तर सध्या तीन-दोन, नाना पुढे.

हे सगळं सांगायचं कारण असं की या महिन्यात आपल्या मंडळाच्या एका वाचक मुलीनं मला विचारलं, “काकू, दुष्काळ पडतो म्हणून ऊन वाढतं, की ऊन वाढतं म्हणून दुष्काळ पडतो?” प्रश्न बारका दिसतो, पण त्याच्या पोटात आपल्यासारख्या प्रदेशाचं सगळं जगणं आहे. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने जे साठवलं त्यावर निभवायचं.

कूलरची टाकी

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. खिडकीत बसवलेल्या कूलरपाशी चला.

कूलरमध्ये थंड करणारं यंत्र काहीच नाही. एक पंखा, एक छोटा पंप, तीन बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या आणि खाली पाण्याची टाकी. पंप पाणी वर चढवतो, ताट्या भिजतात, बाहेरची गरम हवा त्यातून आत येते. येताना ती थोडं पाणी वाफ करून घेते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती त्या हवेतूनच जाते, म्हणून हवा गार होते.

किती उष्णता लागते याचा अंदाज स्वयंपाकघरात येतो. चहाचं आधण गॅसवर ठेवलं की चार-पाच मिनिटांत उकळतं. पण तेच पाणी त्याच आचेवर पूर्ण आटवायचं म्हटलं तर उकळायला लागला त्याच्या सहा-सात पट वेळ लागतो. पातेलं इतका वेळ आचेवर असतं, पण पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. सगळी आच वाफ करण्यात खर्च होते. आणि पाणी संपलं की? एका मिनिटात पातेलं काळं पडतं. आमच्याकडची दोन पातेली याची साक्ष देतील.

आता दुपारी तीन वाजता कूलरची टाकी रिकामी झाली तर काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी अनुभवलं आहे. पंखा तोच, वीज तेवढीच, पण अंगावर भट्टीची झळ येते.

जमीन हा असाच एक कूलर आहे. माती ही तिची टाकी, झाडं-पिकं या तिच्या ताट्या. सूर्याची उष्णता जमिनीवर पडते तेव्हा तिला दोन वाटा असतात. मातीत ओल असेल तर बरीचशी उष्णता ती ओल वाफ करण्यात जाते, हवा फारशी तापत नाही. ओल नसेल तर सगळी उष्णता माती आणि हवा तापवायला मोकळी. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भरात आलेलं पीक दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडतं. म्हणजे एका चौरस मीटरमागे पाच लिटर पाण्याची वाफ करायची उष्णता, सुमारे सव्वातीन युनिट विजेइतकी, दररोज हवेतून वजा. एका सतरंजीएवढ्या तुकड्याचा हा हिशेब. आता बैरसिया रोडच्या दुतर्फा पसरलेली शेतं डोळ्यांसमोर आणा.

म्हणून पहिलं उत्तर: हो, दुष्काळ ऊन वाढवतो. सूर्य तोच असतो, रिकामी असते ती टाकी.

हवेची तहान

दुसरं उत्तरही हो असंच आहे, आणि इथे गोष्ट जरा वाईट वळण घेते.

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. दर अंशामागे सुमारे सहा-सात टक्के जास्त. आकड्यांत सांगते. ३० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. समजा हवेत प्रत्यक्षात १५ ग्रॅमच वाफ आहे. ३० अंशांना तिची तहान १५ ग्रॅमची. तापमान दहा अंश वाढलं की तीच तहान ३६ ग्रॅमची. तापमान वाढलं दहा अंशांनी, तहान झाली दुपटीहून जास्त. ही तहान हवा भागवते मातीतून, तळ्यातून, झाडाच्या पानांतून आणि तुमच्या-माझ्या अंगातून.

म्हणजे ऊन माती वाळवतं, वाळलेली माती ऊन वाढवते, वाढलेलं ऊन उरलीसुरली ओल ओढून घेतं. त्यात कोरड्या जमिनीवरून वाफ वर जात नाही, त्यामुळे ढगांना तेवढा कच्चा माल कमी. आकाश निरभ्र राहतं आणि ऊन आणखी पडतं. सावकारी व्याजासारखं हे चक्र आहे. मुद्दल छोटं असतं, व्याजावर व्याज चढतं.

हे चक्र सगळीकडे सारखं चालत नाही. कोकणात ते सहसा पकड घेत नाही, कारण समुद्रावरून ओल येतच राहते. सहारासारख्या पक्क्या वाळवंटातही त्याला फारसा अर्थ नाही, कारण तिथे टाकी कायमच कोरडी. ते जोरात चालतं मधल्या प्रदेशांत, जिथे टाकी कधी भरते, कधी रिकामी होते. २००४ साली जगातल्या डझनभर हवामान-प्रारूपांवर मिळून एक मोठा अभ्यास झाला. मातीतली ओल पावसावर सर्वांत जास्त परिणाम कुठे करते, हे त्यात शोधलं होतं. तीन ठिकाणं ठळक निघाली: अमेरिकेची मधली मैदानं, आफ्रिकेतला साहेल आणि आपला भारत.

आपल्या काळ्या मातीची तर आणखी एक तऱ्हा. ओली असताना ती फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. मे महिन्यात शेतात उभं राहिलं तर हात घालता येईल एवढ्या भेगा दिसतात. त्या भेगांतून वारं आत शिरतं आणि वरचा थरच नव्हे, खालचाही सुकवतं. जी माती पाणी धरून ठेवण्यात हुशार, तीच एकदा वाळायला लागली की स्वतःची दारं उघडून बसते.

आमच्या घरापासून जवळच, नबीबागेत, दोन मोठ्या राष्ट्रीय संस्था आहेत: केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि भारतीय मृदा विज्ञान संस्था. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज कॉलेजच्या बसमधून त्यांच्या फाटकावरून जात असतील. देशाच्या मातीचा अभ्यास आपल्या शेजारी चालतो, आणि आपल्याला त्या चौकातली कचोरी तेवढी ठाऊक असते. मलाही निवृत्त होईपर्यंत तेवढीच ठाऊक होती.

ऑगस्ट २०२३

आता जी गोष्ट सांगणार आहे ती पुस्तकातली नाही.

नानांनी भेलमधून निवृत्त झाल्यावर बैरसियाच्या बाजूला पाच एकर जमीन घेतली. आम्ही कुणी शेती करत नाही. एक दादा ती बटाईनं करतात. बियाणं-खत अर्धं-अर्धं, पीक अर्धं-अर्धं. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू.

त्या वर्षी जून-जुलैत पाऊस छान झाला. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलं. जुलैअखेर आम्ही सगळे शेतावर जाऊन आलो, भजी खाल्ली, फोटो काढले. आणि ऑगस्ट लागला तसा पाऊस गेला तो गेलाच. मोसमी पावसात अशी उघडीप दरवर्षी पडते. पावसाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, तिकडे पूर येतात आणि आपल्या इकडे आकाश निळं होतं. पण ती उघडीप काही दिवसांची असते. २०२३ चा ऑगस्ट हा देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. आणि दिवसाच्या तापमानाच्या हिशेबानं तोच सर्वांत गरम ऑगस्टही ठरला. दोन विक्रम एकाच महिन्यात. हा योगायोग नाही हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या गच्चीवरचा तापमापक ३४ दाखवत होता. मे महिन्यात ३४ म्हटलं तर आपण शाल शोधू. पण ऑगस्टमध्ये एरवी पारा तिशीच्या आसपास असतो, आणि सोयाबीनला त्याच वेळी फुलं आणि शेंगा धरायच्या असतात.

मी घरी बसून हिशेब मांडला. काळी माती मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी धरते. सोयाबीनची बरीचशी मुळं दोन फुटांच्या आत. म्हणजे टाकी शंभर मिलिमीटरची धरा. रोजचा खर्च पाच. वीस दिवसांत टाकी कोरडी, आणि अर्धी झाली तेव्हाच, म्हणजे दहाव्या दिवशी, पिकाला ओढ लागायला सुरुवात. ऊन वाढलं की रोजचा खर्चही पाचवर राहत नाही. वहीत हे सुबक दिसत होतं. विसाव्या दिवशी दादांचा फोन आला. एवढंच म्हणाले, “भाभीजी, पत्ते पलट गए.”

पानं उलटी होतात ती ऊन अंगावर कमी घ्यावं म्हणून. झाडाची ती शेवटची धडपड असते. आम्ही गेलो तेव्हा वरच्या माळावरचं पीक पिवळं पडलं होतं, शेंगा लागल्या होत्या पण चपट्या. विहिरीत पाणी होतं, पण पाच एकरांना पुरेल इतकं नाही. दादांनी ते खालच्या दीड एकराला दिलं. कुठला तुकडा वाचवायचा आणि कुठला सोडायचा हे त्यांनी बांधावर उभं राहून ठरवलं. त्यांची धाकटी मुलगी तेव्हा बारावीत होती. ती आमच्याशेजारी उभी होती, आणि आमचा हिशेब तिला माझ्याआधी कळला होता.

सप्टेंबरात पाऊस परत आला, इतका की नर्मदेला पूर आले. देशाची हंगामाची सरासरी ९४ टक्क्यांवर जाऊन पोचली. वर्तमानपत्रात वाचलं तर वाटेल, सहा टक्केच तर कमी. पण शेंगा ऑगस्टमध्ये भरतात, सप्टेंबरात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा मंडळी. हंगामाचा बेरजेचा आकडा बरा असतानाही दुष्काळ पडू शकतो. असा भर पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत झटकन येणाऱ्या दुष्काळावर आयआयटी गांधीनगरला बराच अभ्यास झाला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की तापमान वाढत जाईल तशी या झटपट दुष्काळांची जोखीमही वाढेल.

काढणी झाली. आमच्या वाट्याचा प्रश्न आला. ह्यांनी हिशेबाची वही उघडली, तर नाना पलंगावरूनच म्हणाले, “यंदा वाटा घ्यायचा नाही.” हे म्हणाले, “नाना, खर्च आपणही अर्धा केला आहे.” नाना म्हणाले, “तुझा खर्च गेला. त्याचं वर्ष गेलं.” पुढे कुणी बोललं नाही.

त्या हिवाळ्यात दादा दोन महिने आमच्या करोंद मंडीत हमालीला आले. मी भाजी आणायला गेले तेव्हा दिसले. दुसऱ्यांच्या सोयाबीनची पोती पाठीवर. मला पाहून त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि नानांच्या तब्येतीची चौकशी केली. मला काय बोलावं सुचलं नाही. मुलगी मात्र बारावी पास झाली. आता बैरसियाला कॉलेजात आहे.

लातूरची रेल्वे

माझं माहेर लातूरकडचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आजोळही मराठवाड्यात किंवा विदर्भात असतील, म्हणून तिकडचंही थोडं.

मराठवाड्यात पाऊस मुळातच आपल्यापेक्षा कमी. २०१४ साली देशात पाऊस सरासरीच्या ८८ टक्के, २०१५ साली ८६. लागोपाठ दोन वर्षं टाकी भरलीच नाही. मांजरा धरण कोरडं पडलं. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरला पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझी मावशी तेव्हा फोनवर म्हणाली होती, “अगं, लग्नाची वरात यावी तशी माणसं स्टेशनावर गेली होती. पण पाणी बघायला.”

त्याच उन्हाळ्यात, १९ मे रोजी, राजस्थानात फलोदीला ५१ अंश नोंदले गेले, भारतातला आजवरचा विक्रम. आता इथे मी सावध राहणार आहे. फलोदीचे ५१ अंश हे लातूरच्या दुष्काळामुळे असं कुणी म्हणू नये. शिवाय मे महिन्यात आपल्या बहुतेक भागांत टाकी दरवर्षीच रिकामी असते, त्यामुळे दुष्काळानं मे महिन्यात पडणारी भर तुलनेनं कमी. खरा फरक पडतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा चांगल्या वर्षात जमिनीत अजून ओल असते आणि वाईट वर्षात नसते, आणि पावसाळ्यातल्या उघडिपीत. म्हणजे दुष्काळी वर्षात उन्हाळा लवकर येतो आणि पावसाळ्यातही घुसतो.

याचं उदाहरण २०२२ चा मार्च. देशभर पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्के कमी, आणि १९०१ पासूनचा सर्वांत गरम मार्च. गहू दाण्यात भरायच्या वेळी होरपळला. १३ मे रोजी सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. आपल्याकडे तेव्हा चर्चा होती ती ‘यंदा शरबतीच्या पोळ्या पांढऱ्या का होत नाहीत’ याची.

आणि एक उलटी बाजूही आहे. उत्तरेच्या मैदानात कालव्यांनी आणि ट्यूबवेलनी टाकी माणसानं भरून ठेवली आहे, म्हणून तिथे दुपारचं तापमान तितकं वाढलं नाही. पण वाफ हवेत साठल्यानं उकाडा वाढला. दमट हवेत कूलर चालत नाही हे आपण जुलैत पाहतोच. माणसाचं अंग हाही कूलरच आहे. घाम वाळला तरच गारवा. त्यामुळे ‘सगळीकडे पाणी शिंपा’ हे काही रामबाण औषध नाही, शिवाय जमिनीखालचं पाणी संपतं ते वेगळंच.

आपल्या करोंदला तर जमिनीखालच्या पाण्याचं दुसरंही दुखणं आहे. इथून थोड्याच अंतरावर युनियन कार्बाईडचा जुना कारखाना. त्याच्या भोवतीच्या वस्त्यांचं भूजल दूषित झालं म्हणून २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला तिथे स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. आपण तंगीच्या दिवसांत बोअर चालू करतो. त्या घरांना तोही आधार नाही. नळ आटला की सगळंच आटलं.

मग नौतपाचं काय?

नानांचा नियम अगदीच बिनबुडाचा नाही, हे मला मान्य करावं लागतं. जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरून ओले वारे आत येतात, ही कल्पना एडमंड हॅली यांनी १६८६ साली मांडली. हो, धूमकेतूवाले हॅलीच. म्हणजे नानांच्या बाजूनं फार मोठा माणूस उभा आहे.

पण आपल्याच हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ साली एक अडचण दाखवली. जमीन सर्वांत जास्त तापलेली असते ती मे महिन्यात, पण पाऊस जुलैत जास्त पडतो. आणि पाऊस कमी झाला त्या वर्षांत जमीन जास्तच तापलेली असते, कमी नाही. ऊन हे कारण असतं तर उलट दिसायला हवं होतं. पुण्यात जन्मलेल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मोसमी पावसाचा अभ्यास केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हा मुद्दा पुढे नेला. मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा मोठा पट्टा ऋतूप्रमाणे उत्तरेला सरकून आपल्या डोक्यावर येतो, अशी त्यांची मांडणी. तो पट्टा किती जोमानं येईल हे बरंचसं समुद्रांवर ठरतं. प्रशांत महासागरात एल निनो असला की आपल्याला धोका जास्त. जास्त म्हणजे नक्की नव्हे. १९९७ साली मोठा एल निनो असूनही पाऊस सरासरीइतका झाला.

नौतपा दरवर्षी पावसाच्या तोंडावरच येतो, म्हणून आधी ऊन मग पाऊस ही जोडी मनात पक्की बसते. पण आधी आलेली प्रत्येक गोष्ट कारण नसते. आमच्याकडे दूधवाला रोज सूर्योदयाआधी येतो.

हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, “तीन-दोन.”

आपण काय करायचं?

पाऊस पाडणं आपल्या हातात नाही. टाकी थोडी मोठी ठेवणं आणि ती हळू रिकामी होऊ देणं मात्र काही प्रमाणात आहे.

आमच्या शेतावर दोन बदल झाले. एक, गव्हाची कापणी झाल्यावर नरवाई जाळणं बंद. एप्रिलमध्ये बैरसिया रोडवर धुराचे लोट दिसतात ते तेच. तो भुसा मातीवर राहिला तर पांघरुणाचं काम करतो. ऊन थेट लागत नाही, ओल टिकते. दोन, सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरायचं आणि मधे सरी ठेवायची. महाराष्ट्रातले शेतकरी याला बीबीएफ म्हणतात. पाऊस धो धो झाला तर सरीतून निचरा होतो, उघडीप पडली तर सरीतलं पाणी मुरून कामाला येतं. दादांनी आधी फक्त एक एकरावर केलं. “पहले देखेंगे,” म्हणाले. पुरावा मागणारी मी एकटीच नाही हे पाहून बरं वाटलं. आता तीन एकरांवर करतात.

घरी वेगळंच महाभारत झालं. थोरल्यानं गाडी घेतली आणि अंगणात सगळीकडे फरशी घालायचं ठरवलं. अंगणात सासूबाईंनी लावलेला कडुनिंब आहे. फरशी म्हणजे टाकीवर झाकण. पाणी मुरणार नाही आणि दिवसभर तापलेली फरशी रात्री खोल्या तापवेल. दोन आठवडे वाद झाला. शेवटी चाकांपुरत्या दोन पट्ट्या फरशीच्या, बाकी माती, आणि गच्चीचं पावसाचं पाणी गाळून बोअरशेजारच्या खड्ड्यात. गाडी आता कडुनिंबाच्या सावलीत उभी असते. थोरला रोज सकाळी तिच्यावरची पाखरांची शिट पुसताना माझ्याकडे बघतो. मी पेपर वाचते.

तुमच्यापैकी जे फ्लॅटमध्ये राहतात त्यांनी सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढंच विचारावं: आपल्या गच्चीवरचं पाणी जातं कुठे? आणि घरात ज्येष्ठ माणसं असतील तर दुपारी त्यांच्या खोलीतल्या कूलरची टाकी स्वतः उठून बघा. तहान लागली नाही म्हणून ती पाणी पीत नाहीत. तहानेची जाणीवच वयानं कमी होते. उन्हात कुणी बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं, तर सरबताची वाट पाहू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी घाला आणि १०८ ला फोन करा.

यंदाचं कालनिर्णयचं पान नानांनी काल स्वतः मागून घेतलं. चष्मा लावून रकाने पाहिले आणि मला म्हणाले, “सूनबाई, यंदा एक तिसरा रकाना घाल.” मी विचारलं, कशाचा. म्हणाले, “ऑगस्टचा. नौतपा तापो की गळो, ऑगस्टमध्ये किती दिवस कोरडे गेले ते लिही. त्याला तेवढंच लागतं.”

तिसरा रकाना आखला आहे. वर नाव काय घालायचं ते मात्र अजून ठरलं नाही. ऑक्टोबरात भेटू तेव्हा निकाल सांगेन.